कार्डातले पैसे नेमके असतात कुठे?

आमच्या मामी मागच्या वर्षी लेकीकडे, दुसऱ्या एका शहरात, महिनाभर राहून आल्या. जावयाने हौसेने त्यांना तिथल्या मेट्रोचं कार्ड काढून दिलं. त्यातले पैसे संपले तेव्हा त्याने ऑफिसात बसल्याबसल्या फोनवरून दोनशे रुपये टाकलेही. मामी स्टेशनवर गेल्या, कार्ड गेटला टेकवलं, दिवा लाल. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागे रांग खोळंबली. कुणीतरी "आंटी, साइड में" म्हणालं आणि मामींचा निर्णय तिथेच झाला. आता नागपुरात वासुदेव नगरहून सीताबर्डीला जाताना त्या खिडकीवर उभ्या राहून क्यूआर छापलेलं कागदी तिकीटच घेतात. कार्डाचा विषय काढला की म्हणतात, "पैसे टाकले तरी थे म्हनते पैसे नाही. आपला कागद बरा बाप्पा. दिसते तरी."

"दिसते तरी" या दोन शब्दांत मामींनी नेमकं दुखणं सांगितलं. कार्ड घ्या, रांग टाळा, सवलत मिळवा, असं आपल्याला सगळीकडून सांगितलं जातं. पण त्या प्लास्टिकच्या तुकड्यात काय घडतं, पैसे कुठे जातात, कधी जातात, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि जे दिसत नाही त्यात आपला माणूस दोनशे रुपये टाकायला सहजी तयार होत नाही. बरोबरच आहे त्याचं.

म्हणून आधी कार्ड उघडून बघू. घ्यायचं की नाही ते नंतर.

आत बॅटरी नाही, मग ते चालतं कसं?

घरी इंडक्शनची शेगडी असेल तर अर्धं उत्तर तुमच्या ओट्यावरच आहे. शेगडीत जाळ नसतो, तरी वर ठेवलेलं पातेलं तापतं. खालच्या तारेच्या वेटोळ्यात वीज खेळते, त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्या क्षेत्रात आलेल्या धातूत आपोआप वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवून दिलं होतं.

मेट्रोच्या गेटवरचं मशीन म्हणजे अशीच एक अगदी मंद शेगडी. कार्डाच्या दोन थरांमध्ये, कडेकडेने फिरवलेलं बारीक तारेचं वेटोळं असतं आणि त्याला जोडलेली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. कार्ड मशीनच्या जवळ गेलं की वेटोळ्यात चिमूटभर वीज तयार होते, चिप जागी होते, काम उरकते आणि कार्ड दूर गेलं की पुन्हा झोपी जाते. बॅटरी नाही, म्हणून चार्जिंगही नाही. पर्समध्ये सहा महिने पडून राहिलेलं कार्डही पहिल्या टेकवणीला उठतं.

हा सगळा खेळ चार-पाच सेंटिमीटरच्या आतला. म्हणून कार्ड लांबून हलवून चालत नाही आणि घासायची तर गरजच नसते. क्षणभर टेकवून धरायचं, एवढंच. अनेक जण घाईत कार्ड मशीनवरून सपकन फिरवतात. चिपचं बोलणं अर्धवट तुटतं आणि दोष मशीनला जातो.

त्या क्षणात होतं काय? मशीन चिपला एक नवा आकडा देतं. चिप आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने त्या आकड्याचं उत्तर काढून परत देते. लहानपणी गल्लीत आपण सांकेतिक शब्द ठरवायचो, तसंच. फरक एवढा की इथे शब्द दर वेळी बदलतो. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती आजचं उत्तर लागलं, तरी उद्याचा प्रश्न वेगळा असतो. ओळख पटली की मशीन चिपमधली शिल्लक वाचतं आणि त्यावर "अमुक स्टेशन, अमुक वेळ, आत गेला" अशी नोंद लिहितं. बाहेर पडताना दुसरं मशीन ती नोंद वाचून भाडं ठरवतं, तेवढे पैसे वजा करतं आणि नवी शिल्लक लिहून ठेवतं.

एका कार्डावर दोघांना आत का जाता येत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. एक जण आत गेला की चिपवर "आत आहे" असं लिहिलेलं असतं. तो बाहेर पडेपर्यंत दुसऱ्यासाठी त्या कार्डाचं दार बंद. मुलगा सोबत असेल तर त्याचं कार्ड वेगळं किंवा तिकीट वेगळं.

तिजोरी आणि खिसा

आता मामींच्या लाल दिव्याकडे येऊ. पैसे टाकले होते, बँकेचा मेसेजही आला होता, तरी गेट नाही का म्हणालं?

आपले पैसे दोन जागी असू शकतात. एक तिजोरी, म्हणजे बँकेतलं किंवा कार्ड देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरचं खातं. दुसरा खिसा, म्हणजे खुद्द चिपमध्ये लिहिलेली शिल्लक. दुकानात डेबिट कार्ड टेकवतो तेव्हा मशीन तिजोरीला विचारतं, "या माणसाकडे पैसे आहेत का?" उत्तर यायला दोन-चार सेकंद लागतात, कधी नेटवर्क रुसलं तर जास्त. किराणा दुकानात ते चालून जातं. सकाळी साडेनऊला सीताबर्डीच्या गेटवर नाही चालत. तिथे प्रत्येकामागे चार सेकंद गेली तर रांग जिन्यापर्यंत येईल. लंडनच्या वाहतूक संस्थेने आपल्या गेटसाठी अर्ध्या सेकंदाची मर्यादा ठरवली. टोकियोच्या रेल्वेने २००१ मध्ये सुइका कार्ड आणलं तेव्हा तर ०.२ सेकंदाचा हट्ट धरला होता.

इतक्या वेळात तिजोरीला विचारून येणं अवघड. म्हणून पैसे खिशातच ठेवायचे, असं ठरलं. गेट कुणालाही विचारत नाही, चिपवर लिहिलेलं वाचतं आणि दार उघडतं. नेटवर्क गेलं तरी काम अडत नाही.

पण याची एक गंमत आहे. जावयाने फोनवरून दोनशे रुपये टाकले ते तिजोरीत जाऊन बसले. कार्ड तेव्हा कुठे होतं? मामींच्या पर्समध्ये, झोपलेलं. त्याला कोण सांगणार की पैसे आले? पूर्वीची मनीऑर्डर आठवा. मुलाने मुंबईच्या पोस्टात पैसे भरले, पावती घेतली, गावी आईला पत्रही टाकलं. तरी पोस्टमन दारात येऊन नोटा हातावर ठेवीपर्यंत आईच्या हाती काही नाही. कार्डाच्या बाबतीत पोस्टमन म्हणजे स्टेशनवरचं रिचार्जचं मशीन किंवा खिडकी. तिथे एकदा कार्ड टेकवून "बॅलन्स अपडेट" केलं की तिजोरीतले पैसे खिशात येतात. त्यानंतर गेट हिरवं.

मामींचे पैसे कुठेही बुडाले नव्हते, फक्त पोस्टमन यायचा होता. आणि हे त्यांना कुणीही, जावयानेही, सांगितलं नव्हतं. माझ्या मते कार्डाच्या जाहिरातींवर जेवढा खर्च होतो, त्याच्या दहाव्या हिश्शात ही एक ओळ गेटशेजारी ठळक लिहिली तर जास्त लोक टिकतील.

सगळीच कार्डं अशी नसतात. लंडनने २०१४ मध्ये मेट्रोत बँकेचं साधं कार्ड टेकवून जाण्याची सोय केली, तेव्हा उलटा मार्ग धरला. गेट फक्त कार्डाचा नंबर लिहून घेतं आणि आत सोडतं. दिवसभराच्या प्रवासाचा हिशेब मागाहून होतो आणि पैसे खात्यातून वळते होतात. ओळखीच्या पानठेल्यावर "लिहून ठेव भाऊ" म्हणतो, तसंच. मात्र त्यासाठी पानठेलेवाल्याने उधारीचा धोका पत्करायला हवा.

मेसचं कूपन की नोट?

नागपुरात शिकलेल्या कुणालाही मेसचं कूपन सांगावं लागत नाही. महिन्याचे पैसे आगाऊ भरा, कूपनं घ्या, एकेक देऊन जेवा. पण ते कूपन घेऊन तुम्ही समोरच्या टपरीवर तर्री-पोहे मागितले तर तो हसेल. एकाच संस्थेत चालणारं कार्ड म्हणजे हे कूपन. जगातली सुरुवातीची बहुतेक वाहतूक कार्डं अशीच होती. दिल्ली मेट्रोने २००२ मध्ये सेवा सुरू केली तेव्हापासून तिचं कार्ड होतं. नंतर इतर शहरांनीही आपापली काढली. परिणाम असा की चार शहरं फिरणाऱ्याच्या पाकिटात चार कार्डं आणि प्रत्येकात पन्नास-साठ रुपये अडकलेले.

यावरचा उपाय म्हणून ४ मार्च २०१९ रोजी देशभरासाठी एक सामाईक कार्ड जाहीर झालं. नाव नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, आपण एनसीएमसी म्हणू. हे रूपे कार्डाचंच भावंड. त्यात तिजोरी आणि खिसा दोन्ही असतात: बँकेच्या खात्याशी जोडलेला भाग आणि शिवाय चिपवरची वेगळी शिल्लक, जास्तीत जास्त २,००० रुपयांची. तत्त्व नोटेचं: कुठल्याही बँकेचं कार्ड, कुठल्याही शहराचं गेट. आता हे गेट त्या कार्डाची भाषा समजणारं असायला हवं. त्यासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने देशी बनावटीचं गेटही तयार केलं. त्याचं नाव "स्वागत", आणि कार्ड वाचणाऱ्या यंत्राचं "स्वीकार". सरकारी नावांत इतकं गोड काही क्वचितच सापडतं.

नागपूर मेट्रो त्याच आठवड्यात, ७ मार्च २०१९ ला, खापरी ते सीताबर्डी अशी धावू लागली. स्टेट बँकेच्या साथीने आलेलं "महाकार्ड" हे आपल्याकडचं ओळखीचं नाव. २०२० च्या जानेवारीत लोकमान्य नगरची ॲक्वा लाइन आली आणि ११ डिसेंबर २०२२ ला ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगरचे तुकडे जोडले जाऊन पहिला टप्पा पुरा झाला. म्हणजे शहराच्या चारही दिशांना गेट पोचले.

फोनमध्ये यूपीआय असताना हे झेंगट कशाला?

सगळ्यात वाजवी आक्षेप हाच, आणि मी तो अर्धा मान्य करतो. महिन्यातून दोनदा मेट्रोने जात असाल, हातात स्मार्टफोन असेल, तर फोनवर क्यूआर तिकीट काढा आणि जा. कार्डाच्या भानगडीत पडू नका. कार्ड रोजच्या माणसासाठी आहे.

रोजच्या माणसाचा हिशेब वेगळा पडतो. फोनवर तिकीट काढायचं म्हणजे कुलूप उघडा, ॲप उघडा, स्टेशन निवडा, पैसे भरा, पिन टाका, क्यूआर येईस्तोवर थांबा, मग स्क्रीनचा उजेड वाढवून गेटवर धरा. जाताना एकदा, येताना एकदा. महिन्याचे बावीस दिवस धरले तर चव्वेचाळीस वेळा. कार्डवाल्याने तोवर गाडी पकडलेली असते.

शिवाय ज्याच्याकडे फोनच नाही तो? शाळेत जाणारी पोरगी, शंकर नगरच्या चार घरी स्वयंपाक करणाऱ्या ताई, एमआयडीसीत पाळी संपवून निघालेला, फोनची बॅटरी मेलेला कामगार. कार्डाला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, पिन लागत नाही. आजी ते नातवाच्या हातात देऊ शकते. बँकेशी जोडलेला फोन कुणी असा देत नाही.

आणि मग बस. हिंगणा रोडने संध्याकाळी सहाला येणाऱ्या बसमध्ये एक हात दांडीला, एका खांद्यावर पिशवी, अशा अवस्थेत फोन काढून कंडक्टरच्या क्यूआरवर नेम धरून बघा. पैसे गेले की नाही हे बघायला कंडक्टर तुमच्यापाशी थांबतो, चक्र फिरत राहतं, पुढचे चौघं तिकिटाविना उतरून जातात.

चिल्लर: बसची खरी दुखरी नस

रोख तिकिटाची अडचण पैशांपेक्षा चिल्लरची. बारा रुपयांचं तिकीट, हातात पन्नासची नोट. कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर "३८" लिहून देतो आणि "उतरताना घ्या" म्हणतो. उतरताना तो दुसऱ्या टोकाला असतो, ड्रायव्हरने बेल ऐकलेली असते. त्या ३८ रुपयांसाठी गर्दी चिरत जायचं की सोडून द्यायचे, हा हिशेब आपण सगळ्यांनी मनात केलेला आहे. कंडक्टरही काही खलनायक नाही. डेपोतून निघताना त्याला मोजकी नाणी मिळतात आणि पहिल्या दोन थांब्यांतच संपतात. त्यात दहाच्या नाण्याचं आपल्याकडचं वेगळंच प्रकरण. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं होतं की १४ नक्षींची सगळी नाणी चालतात. तरी विदर्भातल्या बाजारात "हे नाही चालत भाऊ" ऐकू येतंच.

कार्डाने हा सगळा प्रकार संपतो. बारा म्हणजे बारा. ना तिकिटाच्या पाठीवर आकडा, ना नाण्याऐवजी चॉकलेट.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परदेशातल्या लेखांत वाचलं असेल की कार्डामुळे बस थांब्यावर कमी थांबते. तिकडे ड्रायव्हरच तिकीट देतो, म्हणून प्रत्येक नाणं मोजण्यात बस उभी राहते. लंडनच्या बसने जुलै २०१४ पासून रोख घेणंच बंद केलं, त्याचं एक कारण हे. आपल्याकडे कंडक्टर चालत्या बसमध्ये फिरून तिकीट देतो, त्यामुळे तेवढा वेळ वाचणार नाही. आपला फायदा चिल्लरचा आणि हिशेबाचा.

मग बसमध्ये अडतं कुठे?

मेट्रोला दारं आहेत. आत जाताना टेकवल्याशिवाय जाता येत नाही आणि बाहेर पडतानाही. बसला दार आहे, पण गेट नाही. आणि भाडं टप्प्यावर ठरतं. चढताना कार्ड टेकवलं, पण माणूस कुठे उतरला हे मशीनला कोण सांगणार? उतरताना पुन्हा टेकवायला लावलं, तर गर्दीत निम्मे विसरतील. विसरला त्याला शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं लावायचं, असा नियम काही ठिकाणी असतो. आपल्याकडे तो लावला तर दुसऱ्या दिवशी काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. व्यवहारात सोपा मार्ग हाच की कंडक्टरने थांबा विचारून मशीनवर भाडं काढावं आणि रोखीऐवजी प्रवाशाने कार्ड टेकवावं. कंडक्टर राहतो, चिल्लर जाते. कार्ड आलं की कंडक्टरची नोकरी जाणार, ही भीतीही त्यामुळे निदान टप्प्यांच्या भाड्यात लगेच खरी ठरत नाही.

दुसरी अडचण तंत्राची नाहीच. झाशी राणी चौकात उभं राहून बघा. डोक्यावर मेट्रो, ती महामेट्रोची, म्हणजे केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी. रस्त्यावर लाल "आपली बस", जिला जुने लोक अजून स्टार बसच म्हणतात, ती महापालिकेची. शेजारी मोरभवनातून सुटणाऱ्या राज्य परिवहन महामंडळाच्या एसटी. कोपऱ्यावर ऑटो आणि ई-रिक्षा, प्रत्येकाचा मालक वेगळा. प्रवाशासाठी हा एक प्रवास, पण गल्ले चार.

एक कार्ड सगळीकडे चालायचं तर गल्ला सामाईक लागतो. चार भावांनी एक दुकान चालवावं तसं: संध्याकाळी कुणाच्या बाजूने किती माल गेला ते मोजायचं आणि वाटून घ्यायचं. मशीन कुणाचं बसवायचं, सवलतीचा बोजा कुणी उचलायचा, पैसे कुणाच्या खात्यात किती दिवस राहायचे, यावर एकमत व्हायला चिप बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड यासाठीच बघण्यासारखं आहे. ते सप्टेंबर १९९७ मध्ये आलं आणि तीन महिन्यांत ३० लाख कार्डं खपली. शहराची वस्ती तेव्हा ६५ लाखांच्या आसपास. त्यांची जाहिरात काही फार भारी होती असं नाही. रेल्वे, बस आणि बोट चालवणाऱ्या कंपन्यांनी आधी एकत्र येऊन सामाईक कंपनी काढली आणि मग कार्ड विकलं. त्यामुळे पहिल्याच दिवशी घेतलेलं कार्ड घरापासून ऑफिसपर्यंत चाललं. पुढे ते दुकानांतही चालू लागलं. आपण नेहमी उलट करतो. आधी कार्ड, मग आवाहन, मग "लवकरच सर्वत्र".

मला विचाराल तर लोक कार्ड घेत नाहीत याचं कारण अडाणीपणा नाही. प्रवासाच्या तीन तुकड्यांपैकी एकात कार्ड चालत असेल, तर उरलेल्या दोन तुकड्यांसाठी चिल्लर बाळगावीच लागते. आणि चिल्लर बाळगायचीच असेल तर कार्ड हे ओझं वाढवणारं, कमी करणारं नव्हे.

हरवलं तर?

नावावर असलेलं कार्ड हरवलं तर हेल्पलाइनला कळवून बंद करता येतं. पण चिपमधली, म्हणजे खिशातली, रक्कम गेली असंच धरा. पाकीट हरवल्यावर नोटा परत येत नाहीत, तसंच. म्हणून खिशात आठवड्याचं भाडं पुरेल एवढंच ठेवा. २,००० ठेवता येतात म्हणून ठेवायचे, असं नाही.

गर्दीत कुणी मशीन खिशाजवळ आणून पैसे काढले तर?

व्हॉट्सॲपवर फिरणारी ही भीती. वाहतुकीच्या खिशातली रक्कम कापायला त्या यंत्रणेच्या किल्ल्या असलेलं अधिकृत मशीन लागतं. बाजारातून विकत आणलेलं यंत्र चिपला जागं करेलही, पण पैसे कापू शकत नाही. बँकेशी जोडलेल्या भागातून मात्र पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार होऊ शकतो. तो भाग लागत नसेल तर बँकेच्या ॲपमध्ये "कॉन्टॅक्टलेस" बंद करून ठेवा.

म्हणजे ही कार्डं कधीच फुटत नाहीत, असं नाही. नव्वदीच्या दशकात आलेल्या मायफेअर क्लासिक या चिपचं गुपित गणित २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उलगडून दाखवलं. तोवर तीच चिप लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि डच वाहतूक कार्डात कोट्यवधी लोक वापरत होते. कुलूप कसं बनवलंय हे लपवून ठेवण्यावर तिची मदार होती. त्यानंतरच्या चिपांमध्ये कुलपाची रचना उघड असते, गुप्त असते ती फक्त किल्ली. एनसीएमसी बँकेच्या कार्डांच्याच जातकुळीतली आहे.

मी कुठे जातो हे कोण बघतं?

हा प्रश्न लोक कमी विचारतात. मला विचाराल तर सगळ्यात आधी तोच विचारायला हवा. नावाच्या कार्डावर तुमचा रोजचा माग राहतो: सकाळी किती वाजता कुठून, संध्याकाळी कुठे.

याची चांगली बाजू आहे. आज मेट्रोला कळतं की इतके लोक लोकमान्य नगरला आत आले. त्याआधी ते हिंगण्याहून आले की वाडीहून, बसने की पायी, ते कळत नाही. बसमध्ये तेच कार्ड चाललं तर अख्खी साखळी दिसेल आणि लोकांना स्टेशनापर्यंत आणणारी फीडर बस कुठे हवी हे नगरसेवकाच्या आग्रहावर न ठरता आकड्यांवर ठरेल.

वाईट बाजूही आहे, आणि तिचं उदाहरण पुन्हा ऑक्टोपसचंच. २०१० मध्ये उघड झालं की कार्डाच्या बक्षीस योजनेत नोंदणी केलेल्या जवळपास २० लाख लोकांची माहिती कंपनीने इतरांना विकली होती. प्रमुखाला पद सोडावं लागलं. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला, पण कायद्याची धार वापरल्यावरच कळते.

पाळत नको असेल त्यालाही वाट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक वाहतुकीसाठी केवायसीशिवाय कार्ड द्यायला परवानगी दिली. आधार नाही, पॅन नाही. त्यात जास्तीत जास्त ३,००० रुपये राहू शकतात. मात्र ते पैसे रोख काढता येत नाहीत, दुसऱ्याला पाठवता येत नाहीत, परतही मिळत नाहीत, ते प्रवासातच संपवायचे. नाव नाही म्हणून नावाशी जोडलेला माग नाही, आणि नाव नाही म्हणूनच हरवल्यावर दाद मागायलाही जागा नाही. दोन्ही एकदम मिळत नाही.

यात माझा फायदा किती, कार्ड देणाऱ्यांचा किती?

समजा एका फेरीचं भाडं २० रुपये. बावीस दिवस, जाऊन-येऊन, ८८० रुपये. महाकार्डावरची १० टक्के सवलत धरली तर महिन्याला ८८ रुपये वाचतात. सकाळच्या तर्री-पोह्यांच्या दोन-तीन प्लेटा. वाईट नाही, पण कुणी केवळ यासाठी सवय बदलेल असं वाटत नाही. सवलतीचे दर बदलत असतात, विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना असते, तेव्हा खिडकीवर एकदा विचारून घ्या.

दुसऱ्या बाजूचा फायदा बघा. एक लाख लोकांच्या कार्डांत सरासरी दोनशे रुपये पडून असतील तर ते झाले २ कोटी, तेही प्रवास होण्याआधी हातात आलेले. शिवाय नोटा मोजणं, नाणी वाहणं, तिकिटाचा कागद, सगळं कमी. लोकांना कार्डाकडे वळवायचं असेल तर यातला वाटा त्यांना दिसला पाहिजे. लंडनमध्ये दिवसभरात कितीही वेळा टेकवा, ठरावीक रकमेनंतर पुढचे प्रवास फुकट होतात. पास काढायचा की नाही हे आधी ठरवावंच लागत नाही. मेट्रो उतरून बसमध्ये बसणाऱ्याला दुसऱ्या तिकिटात सूट देता येते. कागदी तिकिटावर हा हिशेब ठेवणं जवळपास अशक्य, चिपवर सोपा. कार्डाची खरी ताकद इथे आहे आणि तिचा वापर आपल्याकडे सगळ्यात कमी.

घ्यायचं ठरवलंच तर

एटीएम कार्ड, ऑफिसचं दारं उघडणारं कार्ड आणि हे कार्ड एकाच कप्प्यात ठेवून पाकीट टेकवू नका. तिन्ही चिपा एकदम जाग्या होतात, मशीन गोंधळतं. ऑनलाइन पैसे टाकले की घाईची वेळ येण्याआधीच, शांत वेळी, मशीनवर बॅलन्स अपडेट करून घ्या. परतीचं भाडं शिल्लक आहे ना, हे सकाळीच बघा. आणि कार्ड घेताना खिडकीवर तीन गोष्टी विचारा: कार्डाची किंमत परत मिळते का, शिल्लक किती दिवस चालते, आणि बसमध्ये चालतं का.

परवा मामींना मी हे सगळं सांगितलं. इंडक्शन, मनीऑर्डर, मेसचं कूपन, सगळं. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मनीऑर्डरचं पटलं. "असं सांगतलं असतं जावयानं त मी कायले चिडली असती," म्हणाल्या. कार्ड घ्यायलाही जवळजवळ तयार झाल्या. मग मेथीची जुडी बाजूला ठेवून विचारलं, "अन् स्टेशनापासून घरापर्यंत जो ऑटोवाला येते, त्याच्याकडे चालते का थे?"

नाही म्हटलं, मामी.

"मंग चिल्लर त ठेवाच लागते ना."